उशाला बसणारा

आयसीयूच्या दाराबाहेर त्या मावशी भिंतीला टेकून माळ ओढत बसायच्या. बिडकीनकडच्या ख्रिस्ती होत्या. त्यांचा नवरा आत होता, माझे वडीलही आत होते. दार उघडलं की त्यांचं बोट मण्यावर थांबायचं, दार लागलं की पुन्हा चालायचं. मला त्या मण्यांच्या आवाजाचा वैताग यायचा.

“त्यांना बरं वाटावं म्हणून जप चाललाय का, मावशी?” मी एकदा विचारलं.

“ते मागून झालं, दादा. डॉक्टरनं नाय म्हणून सांगितलं. आपल्याला आत सोडत नायत, म्हणून मरियामायच्या धन्याला, संत योसेफाला म्हणते, तू जाऊन बस. त्याच्या मरणाच्या येळी येशू आन मरियामाय उशाला होते. तवापासून तो दुसऱ्याच्या उशाला बसतो.”

त्याच दुपारी त्यांचा नवरा गेला. मयत ताब्यात मिळेपर्यंत माळ थांबली नाही. आता ती त्याच्या आत्म्यासाठी होती. निघताना त्यांनी माझ्या वडिलांचं नाव विचारलं.

“योसेफाला सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या. मी नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वडील गेले, तेव्हा मी बाहेरच होतो. त्यांच्याजवळ कुणी होतं का, असं मी नर्सला विचारलं. ती नाही म्हणाली.

मी पुन्हा विचारलं.