शनिवारची शाळा सुटायच्या आत

बारावीच्या निकालानंतर त्या जूनमध्ये माझे पाय एका जागी ठरत नव्हते. जेवताना मांडी हलायची, झोपेत पाय झाडायचे. आई म्हणायची, "या पोरीच्या अंगात भोवरा शिरला." मोबाईलवर लोकांचे डोंगरातल्या रस्त्यांचे व्हिडिओ बघून बघून माझी पक्की खात्री झाली होती, की माणूस मोठा होतो तो घरापासून लांब, गाडीवर, तोंडावर वारा घेत. आमच्या फुलचूरला राहून कोण मोठं होतं? वडील सकाळी राईस मिलमध्ये जायचे, संध्याकाळी अंगावर कोंडा घेऊन परत यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि माझ्या वाट्याला लांबचा प्रवास आला तो असा: आईची जुनी दुचाकी, पुढे पायाशी पिशवीत डबा आणि मागच्या सीटवर पंचाहत्तरीतले आबाजी, म्हणजे माझे आजोबा.

कारण साधं होतं. मला नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात राखीव जागा मिळाली होती. ती टिकवायची तर जात पडताळणीचा अर्ज सोमवारपर्यंत भरायचा होता आणि त्याला पुरावा लागत होता, आजोबांच्या काळातला. म्हणजे आबाजी ज्या शाळेत शिकले तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. नाव, बापाचं नाव, जात, दाखल झाल्याची तारीख. आम्ही छप्पन सालापासून बौद्ध. पण सरकारला आम्ही त्याआधी कोण होतो ते हवं होतं, आणि तेही कागदावर. आमच्या घरात तोवर कोणाला असला कागद लागलाच नव्हता. मीच पहिली.

शाळा चिचगडच्या पलीकडे, जंगलातल्या एका खेड्यात. वडिलांना सुट्टी मिळेना. शनिवार असल्याने शाळा सकाळची, साडेअकराला सुटणार. त्यानंतर रविवार. म्हणजे साडेअकराच्या आत पोचलो तर नागपूर, नाहीतर पुन्हा फुलचूर. इतकं ते सरळ होतं.

पहाटे साडेपाचला मी गाडी अंगणात काढून उभी, आणि आबाजी अजून दाढी करतायत.

"काऊन वो बाई, एवढी घाई?" आरशातून मला म्हणाले. "शारा कुठं पळून जाऊन राहिली?"

निघालो तेव्हा सव्वासहा झाले होते. फुलचूर मागे पडायच्या आत त्यांनी खांद्यावर थाप मारली. "बोदलकशाले जाऊ. तलाव पाहू, मासे आनू. तुह्या मायले आवडतात."

बोदलकसा तिरोड्याकडे, चिचगड दुसऱ्या टोकाला. मी गाडी दामटली.

आमगावला त्यांना चहा हवा झाला. पुढे लघवी. पुढे गुडघा. एका ठिकाणी शेतात माणसं बांधावर माती टाकून धुरे बांधत होती, तिथे गाडी थांबवायला लावून त्यांनी ओळख ना पाळख अशा शेतकऱ्याशी पऱ्ह्यांवर, म्हणजे भाताच्या रोपांवर, चर्चा सुरू केली. पाऊस लांबला होता, ढग नुसते येऊन बसत होते आणि अंगाला घामाची चिकचिक. मी रस्त्यावर गाडीभोवती फेऱ्या मारत होते. हॉर्न वाजवला. शेतकरी हसला. "पोरगी लय तापट हाय जी तुमची."

"आजीवर गेली," आबाजी म्हणाले, आणि वर आणखी पाच मिनिटं उभे राहिले.

देवरीला मोठ्या रस्त्यावर रायपूरकडच्या ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो, तेव्हा पावणेदहा वाजले होते. तिथे आबाजींचा मिलमधल्या दिवसांतला एक जुना सोबती राहतो, त्याला भेटून जाऊ, असा नवा बेत निघाला. मग माझा तोल गेला. "आबाजी, तुम्हाला यायचंच नव्हतं तर घरी सांगायचं होतं ना! मी एकटी गेले असते."

आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, टोपी कपाळावर ओढलेली. मला वाटलं, म्हातारपण. म्हाताऱ्या माणसाला कशाचीच घाई नसते, आणि तरुण माणसाची घाई त्यांना दिसत नाही. असा मोठा विचार करून मी स्वतःवर खूश झाले. अठराव्या वर्षी माणूस दुसऱ्याबद्दल फार लवकर निकाल लावून मोकळा होतो.

देवरीपासून पुढे जंगल लागतं. साग, मोह, मधेच भाताच्या बांध्यांचा एखादा हिरवा तुकडा. रस्ता रिकामा, आणि शेवटी तोंडावर वारा. व्हिडिओंतला वारा तो हाच असणार. पण मला तो लागत नव्हता. मी मनात मिनिटं मोजत होते. चिचगड गेलं तरी मागे बसलेल्या आबाजींनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

अकराला दहा कमी असताना शाळेत पोचलो. हेडमास्तर पन्नाशीचे, शांत. त्यांनी उठून "जयभीम बाबाजी" म्हटलं, खुर्ची दिली आणि माझा अर्ज वाचून चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले.

"कोणत्या मोहल्ल्यातले?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, कपाटातून कापडात बांधलेलं एक रजिस्टर काढलं आणि जपून उघडलं. कागद पिवळा पडला होता, कडा झडल्या होत्या. आबाजींचं नाव सापडलं. बापाचं नाव सापडलं. मी टाळीच वाजवणार होते. मग त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं, जातीच्या. तिथे काहीच नव्हतं. काळ्या शाईचा नुसता जाड थर. अक्षर दिसू नये म्हणून कोणीतरी जीव खाऊन पुन्हा पुन्हा टाक फिरवलेला. कागदाला तिथे भोक पडायचं राहिलं होतं.

"हे एकच नाही," हेडमास्तर पानं उलटत म्हणाले. "तुमच्या मोहल्ल्यातल्या त्या काळच्या सगळ्या पोरांचं असंच आहे. अकरा नोंदी. कोणी केलं, माहीत नाही. मी इथं आल्यापासून पाच पोरं हाच कागद मागायला आली आणि हात हलवत गेली. एक तर पोलीस भरतीतून परत आला. आता मोहफुलं वेचतो. खाडाखोडीचा उतारा मी दिला तरी वरती घेत नाहीत, बेटा."

मी ते पान खिडकीकडे धरून बघितलं. मागून बघितलं. काही नाही. माझ्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. भिंतीवर सव्वाअकरा.

"म्याच केलं," आबाजी म्हणाले.

हेडमास्तरांना वाटलं, म्हातारबाबा काही भलतंच बोलतायत. आबाजी खुर्चीत पुढे सरकले. छप्पन साली ते पंधरा वर्षांचे होते, शाळेतले सगळ्यांत मोठे. बापासोबत आमगावपर्यंत बैलगाडीने आणि तिथून रेल्वेने नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले. आल्यावर चौथ्या दिवशी शाळेत गेले. मास्तर पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा कपाट उघडं होतं. दौत टेबलावर होती.

"मले वाटलं, आता आपन ते नाही, तर कागदावर तरी काऊन राहावं? माह्यं खोडलं. मंग भावाचं. मंग म्हटलं, एकट्यानंच काऊन सुटावं, सगळ्यांचं खोडलं. मोहल्ल्यात सांगतलं तं मोठ्या मानसांनी पाठ थोपटली." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मले वाटून राहिलं होतं, एवढ्या वर्षांत वाळवीनं खाल्लं असंन रजिस्टर."

मग मला चहा, लघवी, गुडघा, बोदलकशाचे मासे सगळं एकदम कळलं. आणि कळलं म्हणून राग कमी झाला नाही. मी व्हरांड्यात गेले, ते मागून आले, आणि मी शाळेतली पोरं ऐकतायत याची पर्वा न करता ओरडले, "तुमच्या शाईपायी माझं वर्ष जातं! आयुष्य जातं! साडेपाच वाजल्यापासून तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला पऱ्हे दाखवत होता?"

आमच्या घरात आबाजींशी असं कोणी बोलत नसे. एक गोष्ट मात्र मला ओरडताना आठवत होती. घरात कोणी चुकून त्या जुन्या जातीचं नाव घेतलं, तर आबाजी ताट बाजूला सारून उठायचे. पाहुणा असो की जावई. लहानपणी मी तो शब्द घरात ऐकलाच नाही, शाळेत ऐकला. तो त्यांनी पंधराव्या वर्षी सोडला तो सोडलाच.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ते आत गेले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "मले कागद द्या गुरुजी. आन पेन."

शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं दप्तरं घेऊन पळाली. हेडमास्तर जाऊ शकले असते, गेले नाहीत. म्हणाले, तुम्ही लेखी द्या, मी उताऱ्यावर शेरा मारतो, सही-शिक्का देतो, पुढे स्टॅम्पपेपरवर करून घ्या. पुढचं सांगून टाकते: त्या एका कागदाने भागलं नाही, तहसीलमधून जुन्या जन्माच्या नोंदी काढून जोडाव्या लागल्या, पण मला मुदत मिळाली आणि मी नागपूरला गेले. आज मी नर्स आहे.

आबाजींनी वरती लिहिलं की या नोंदी मी स्वतः खोडल्या, कोणाच्या सांगण्यावरून नाही. मग खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढे तो शब्द. मोठ्या, गोल, शाळकरी अक्षरात. लिहून पेन उचललं. मी शेजारी उभी होते. मला हवा होता तो शब्द समोर होता आणि मला तो बघवत नव्हता. इथेही मी तो लिहिणार नाही.

ते थांबले नाहीत. दुसऱ्या ओळीवर भावाचं नाव आलं, त्याच्यापुढे पुन्हा तोच शब्द. मग चुलतभावाचं. रजिस्टरकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. साठ वर्षांपूर्वीच्या वर्गातली पोरं त्यांना बापाच्या नावासकट पाठ होती. प्रत्येक नावाला हात जड होत होता, अक्षर मात्र ते बिघडू देत नव्हते. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. मला रडू फुटलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला कुठेही जायचं नव्हतं.

सातव्या नावापाशी मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आबाजी, पुरे. माझं झालं."

"तुह्यं झालं," ते म्हणाले. "बाकीच्यांच्या लेकराईचं?"

हात सोडवून घेत त्यांनी आठवं नाव लिहायला घेतलं.