सगळ्यात हलका शेवटी

पोस्टिंग म्हणता येणार नाही. पाच आठवड्यांचं संयुक्त ट्रेनिंग होतं. जागा जपानमधला नागानोचा डोंगर, महिना फेब्रुवारी. मी तेव्हा सुभेदार होतो आणि आमच्या पहाडी शाळेत बर्फाचा उस्ताद. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. मला गाता येतं असा गैरसमज नको. त्या वेळी माझं वजन ब्याण्णव किलो होतं. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे यावरूनच भांडण होणार आहे.

आता मी रिटायर्ड आहे. मुलगी ऋता इथे जपानमध्येच, निशी-कसाईत आयटीत आहे, म्हणून हिवाळ्यात तिच्याकडे येतो. तिच्या बिल्डिंगमधली पुण्या-मुंबईची मंडळी चहाला बोलावतात आणि विचारतात, काका, कधी गोळीबारात सापडलात का? सापडलो आहे. पण सगळ्यात वाईट मार खाल्ला तो गोठलेल्या पाण्याकडून, असं मी सांगतो. मंडळींना वाटतं मी गंमत करतोय. थोडी करतोही.

आमचा दिनक्रम साधा होता. 0430 ला उठणं, 0515 ला नाश्ता, 0600 ला मार्च, 0700 ला बर्फावर. बर्फ म्हणजे जागच्या जागी गोठलेला उभा धबधबा. दोन हातांत दोन आइस ॲक्स, बुटांना क्रॅम्पॉन. क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी दात. ते भिंतीत ठोकत वर चढायचं. भिंतही परत ठोकते. ॲक्सचा घाव पडला की तव्याएवढी ढलपी सुटते, तिच्या कडा काचेच्या. पहिल्याच दिवशी एक माझ्या तोंडावर आली आणि समोरचे दोन दात घेऊन गेली. एक सापडला. दुपारी जेवताना मी तो हरादाच्या सूपच्या वाटीशेजारी नीट मांडून ठेवला. हरादा सार्जंट, जपानी बाजूचा उस्ताद, वय एकेचाळीस, माझ्या खांद्याला लागेल एवढा. त्याने दाताकडे पाहिलं, कागदी रुमालात गुंडाळून मला परत केला आणि सूप प्यायला. त्या क्षणापासून मला तो आवडला.

तिसऱ्या दिवशी आमचा नाईक शेलार दोन मीटर घसरला. त्याचाच क्रॅम्पॉन त्याच्या पोटरीत घुसून आडवा फिरला. मांस उघडं पडलं. हरादाने हातमोजे काढले आणि मेडिकल पोचेपर्यंत दोन्ही हातांनी ती जखम मिटून धरली. पंधरा मिनिटं, उणे बारामध्ये. अकरा टाके पडले. आठ दिवसांनी शेलार परत भिंतीवर होता.

संध्याकाळी सगळ्यांची एकत्र आंघोळ. गरम पाण्याचं मोठं टाकं आणि अंगावर काही नाही. मी आणि शेलार पहिल्या दिवशी टॉवेल घट्ट धरून उभे होतो. दुसऱ्या आठवड्यात आम्हाला बाहेर काढावं लागायचं. कपडे बदलायच्या खोलीत वजनकाटा होता. हरादा रोज त्यावर चढायचा आणि छोट्या वहीत आकडा लिहायचा. एकदा त्याने मलाही चढवलं, काटा बघितला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "नाइन्टी-टू." जपानी जवानांनी टाळ्या वाजवल्या. मी उघडाबंब वाकून अभिवादन केलं. हरादा छप्पन्न होता. आमच्या लंगरात, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात केलेला शिरा मी त्याला रोज आग्रहाने वाढायचो. तो एक चमचा घ्यायचा आणि वाटीवर हात ठेवायचा. चिडवून चिडवून मी थकलो.

आता थोडी तांत्रिक गोष्ट. असल्या भिंतीवरून उतरताना वर बर्फात दोन तिरकी भोकं पाडतात. आत ती एकमेकांना मिळतात. त्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीची दोरी ओवून गाठ मारायची. तो अँकर. हरादा त्याला थ्रेड म्हणायचा. त्यातून रोप घालून एकेक जण खाली येतो. बर्फ दगा देईल म्हणून वर एक आइस स्क्रू, बर्फात पिळून बसवायचा लोखंडी खिळा, जादा लावलेला असतो. अँकर सुटलाच तर तो झेलेल. पण शेवटचा माणूस तो स्क्रू काढून घेतो आणि नुसत्या दोरीवर येतो. म्हणून हरादाचा नियम असा, की सगळ्यात वजनदार पहिला, म्हणजे स्क्रू असतानाच अँकरची परीक्षा होते. सगळ्यात हलका शेवटी. हुद्दा कोणताही असो.

आमचा रिवाज वेगळा. उस्ताद शेवटी. पोरं सुखरूप खाली गेली की मग तो. मी वीस वर्षं शेवटी उतरत आलो होतो.

चार आठवडे आमच्या टीम वेगळ्या होत्या, त्यामुळे या दोन नियमांची गाठ पडली नाही. शेवटच्या शनिवारी एका रोपवर तिघे आलो. मी, शेलार, हरादा. पंचावन्न मीटरची भिंत, तोंड पूर्वेला, पण समोरच्या डोंगरामुळे ऊन उशिरा येणारी. डाव्या अंगाला वर बसएवढा बर्फाचा खांब लटकलेला, खालून मोकळा. त्याच्यावर ऊन पडायच्या आत खाली असायचं, एवढंच ब्रीफिंग. आमचे कॅप्टन साहेब पायथ्यापासून दूर रेडिओवर होते.

0856 ला अँकर तयार झाला. हरादा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "नाइन्टी-टू, फर्स्ट."

मी म्हटलं, "उस्ताद लास्ट."

त्याने ॲक्सच्या टोकाने बर्फावर आकडे कोरले. 92, 74, 56. शेवटच्या आकड्याखाली रेघ मारली. मी रेघ पुसली. त्याने परत मारली. मी छातीवर हात ठेवून वीस वर्षांचा हिशोब सांगितला, निम्मा इंग्रजीत, निम्मा हातवाऱ्यांनी. खरं सांगतो, मला मजा येत होती. शेलार म्हणाला, "साहेब, तुम्ही दोघं राहा इथेच. मी खाली जाऊन चहा टाकतो."

रेडिओ वाजला. "सुभेदार साब, मूव्हमेंट क्यों नहीं? ओव्हर."

"अँकर चेक कर रहे हैं, सर. ओव्हर."

अँकर कधीच चेक झाला होता.

शेवटी हरादाने बोलणं बंद केलं. माझ्या हार्नेसला रोप स्वतः लावला, कडी दोनदा ओढून पाहिली, आणि मग वाकला. त्या दीड फूट रुंद पायरीवर इतका खाली वाकला, की त्याचं हेल्मेट माझ्या छातीला टेकलं. "प्लीज," म्हणाला. हुकूम असता तर मी मोडला असता. मी उतरायला लागलो तेव्हा 0905 झाले होते. नऊ मिनिटं.

0909 ला मी खाली. 0914 ला शेलार. तोवर त्या खांबाचं टोक सोनेरी झालं होतं. रोपची दोन्ही टोकं मी हातात घेतली. खालच्या माणसाने रोप ताणून धरला की वरचा जागीच थांबतो. तोच त्याचा ब्रेक. हरादाने स्क्रू काढला आणि 0917 ला निघाला.

0919 ला खांब तुटला. तोफेचा आवाज मी जवळून ऐकलेला आहे. हा त्याहून कोरडा होता. शेलार ओरडला, "साहेब, पळा." रोप सोडला असता तर पळता आलं असतं. मी सगळं वजन टाकून खाली बसलो. एकदाच त्या ब्याण्णव किलोंचा उपयोग झाला.

पहिला तुकडा माझ्या डाव्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसऱ्याने हेल्मेटवर आपटून मला गुडघ्यांवर आणलं. फ्रिजएवढा एक तीन फुटांवर फुटला आणि त्याच्या काचांनी गाल ओठापर्यंत फाडला. तोंडात रक्त आणि बर्फ एकत्र झालं. वर हरादाला पाठीत घाव बसला. तो रोपवर भेलकांडून भिंतीवर आदळला, सुटला आणि पुन्हा आदळला. त्याचे हात खाली लोंबत होते. भिंतीवर तो जिथे जिथे घासला तिथे लाल पट्टा उमटला.

मग सगळं थांबलं. रोप ताठ होता. मी एका हाताने, शेलारने दोन्ही हातांनी तो इंच इंच ढिला केला आणि हरादाला खाली घेतलं. हेल्मेट उभं चिरलं होतं. श्वासाबरोबर तोंडातून फेस येत होता, गुलाबी. शेलारने आपलं जॅकेट त्याच्या अंगावर घातलं. हरादा वर बघत होता.

"थ्रेड?" त्याने विचारलं.

"होल्डिंग," मी म्हणालो.

"गुड."

0941 ला तो गेला. हेलिकॉप्टर 1005 ला आलं.

चौकशीत मी रेडिओवरचं माझं वाक्य खोटं होतं असं सांगितलं आणि नऊ मिनिटांचा वाद लिहून दिला. अधिकारी म्हणाले, बर्फ मिनिटं बघून पडत नाही. असेल. पण ती नऊ मिनिटं गेली नसती तर 0919 ला काय दिसायला हवं होतं ते मला कळतं. हरादा खाली उभा राहून रोप गुंडाळत असायला हवा होता.

गेल्या हिवाळ्यात ऋताला घेऊन मी मात्सुमोतोला हरादाच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने चहा दिला. मी सगळं सांगितलं, ऋताने जपानीत केलं. नऊ मिनिटांशी ती अडखळली. "बाबा, हे सांगायलाच हवं का?" सांग, म्हटलं.

त्या बाई उठून हरादाची ती छोटी वही घेऊन आल्या. रोजचा एक आकडा. पंचावन्न आठशे, छप्पन्न, छप्पन्न दोनशे. वर्षानुवर्षं. ऋता ऐकून म्हणाली, "बाबा, त्या सांगतायत, ते घरी भातसुद्धा मोजून घ्यायचे. वजन वाढलं तर शेवटी उतरायचा हक्क दुसऱ्याकडे जाईल म्हणून."

मला तो शिरा आठवला. आणि वाटीवरचा हात.

मग त्यांनी काहीतरी विचारलं. ऋताने कप खाली ठेवला. "त्या विचारतायत, त्या दिवशी शेवटी तेच होते ना?"

"होय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "नऊ मिनिटं म्हणजे तुम्ही लवकर हरलात," त्या म्हणाल्या. "त्यांच्या या हट्टावरून मी एकदा पूर्ण संध्याकाळ भांडले होते." आणि मग तोंडावर बाही धरून रडल्या.

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर शनिवारची टीम होती. हरादाने ती आदल्या संध्याकाळी, आंघोळीनंतर लिहिली होती. 92, 74, 56. शेवटच्या आकड्याखाली रेघ.

चौकशीतला रिपोर्ट मी तेव्हा अर्धवट दिला होता. आज पुरा करतो. सार्जंट हरादा. वजन छप्पन्न किलो. अँकर टिकला. शेवटी तेच उतरले.