हलका माल

मोकळी जागा दिसली की ती भरून टाकण्यात आमच्या भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही. रिसोडच्या वेशीला लागून त्यांचा भाजीचा मळा आहे. तिथे चालायला ठेवलेल्या धुऱ्यावरही ते कोथिंबीर टाकतात, आणि मग पाहुण्यांनी एका पायावर कसं चालावं ते स्वतः चालून दाखवतात. पाहुण्याच्या ताटातली भाकरी वांग्याच्या भाजीखाली दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा हात थांबत नाही. अशा माणसाच्या हाती मी मोबाइलमधलं फ्लॅशकार्डचं अ‍ॅप दिलं. पुढे जे झालं ते माझ्या कपाळी लिहिलेलंच होतं.

अ‍ॅप दिलं ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ताईला मेंदूचा झटका आला आणि त्यात तिचे शब्द गेले. ती चालते, जेवते, आपण बोललेलं सगळं तिला समजतं, पण स्वतः बोलायला गेली की ओठ नुसते हलतात. खरं तर त्या मळ्यात शब्द चालायचा तो तिचाच. तोडलेली वांगी तिच्यापुढे ओतली की ती एकेक हातात घेऊन नुसतं बोलायची, "पह्यलं" किंवा "हलकं". पहिलं ते बाजाराला, हलकं ते गुरांना. तिच्या निकालावर अपील नव्हतं. एकदा भाऊजींनी हळूच चार हलकी वांगी चांगल्या टोपल्यात सरकवली, तर तिने अख्खं टोपलं पुन्हा जमिनीवर ओतलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या वस्तूंची चित्रं दाखवा, नाव म्हणायला लावा, रोज, आणि सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. मी वाशीमला मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. कार्डाच्या एका बाजूला फोटो, उलटलं की दुसऱ्या बाजूला शब्द. इतकं सोपं होतं ते.

पण भाऊजींच्या हाती सोपं काहीही सोपं राहत नाही. वांग्याचा फोटो काढायचा तर आधी वांगं धुवायचं, धोतराने पुसायचं, मग कॅमेऱ्याची सेटिंग सगळ्यात वरच्या टोकाला नेऊन समोरून, मागून, देठाकडून असे फोटो काढायचे. "साळेबुवा, मानूस वांगं काय एकाच बाजूनं पाह्यते काय?" एकट्या वांग्याने फोनमध्ये एवढी जागा खाल्ली, मग टमाटे, खुरपं, चूल आणि म्हैस यांचं काय सांगावं? ताईचं माहेर शिरपूरचं, म्हणून ते खास बसने शिरपूरला गेले आणि जैन मंदिर पायरीपासून शिखरापर्यंत टिपून आले. ते कार्ड उघडायला घेतलं की पडद्यावर गोल चक्र फिरायला लागे. ताई बिचारी त्या चक्राकडे बघत बसे आणि मंदिर यायच्या आत कंटाळून तोंड फिरवी. लवकरच फोनने जागा संपल्याचं जाहीर केलं. भाऊजींनी गाणी उडवली, हवामानाचं अ‍ॅप उडवलं, शेवटी पाहुण्यांचे नंबर उडवले. नंबर उडवून जागा होत नाही, हे सांगेपर्यंत मी स्वतःही उडालो होतो.

"फोटो लहान करा," मी फोनवर सांगितलं. भाऊजी वांगं जमिनीवर ठेवून पार विहिरीपर्यंत मागे गेले आणि तिथून फोटो काढला. "घ्या, झालं लहान!" त्या फोटोत मळा होता, आभाळ होतं, शेजाऱ्याचा बैल होता आणि मधोमध वांग्याचा ठिपका होता. फाइल आधीपेक्षा जड झाली होती. मग मी जन्मात पुन्हा उच्चारणार नाही असं वाक्य बोललो. म्हटलं, "भाऊजी, फोटो हलके करा."

भाऊजी म्हणाले, "हलका माल? तिले? तुमची सख्खी बहीन हाये ना थे?" मी समजावलं की वजन तेवढं कमी होतं, वांगं तसंच दिसतं. "व्यापारी बी असंच म्हनते," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढे मी रिसोडला गेलो तर चहासुद्धा मुकाट्याने पुढे सरकवला. इकडे अ‍ॅप उघडेना, डॉक्टरांनी सांगितलेले महिने निघून चालले होते, आणि ताई ओट्यावर बसून नुसती मळ्याकडे बघायची. मला रात्रंदिवस तेच दिसायचं. रडू यायचं आणि भाऊजींचा रागही यायचा.

शेवटी एके दिवशी त्यांचाच फोन आला. आवाज पार खाली गेलेला. "केले हलके. या तुमी." गेलो. कुणीतरी त्यांना फोटो हलके करायचं अ‍ॅप दाखवलं होतं. एकदा चाळून इतकं हलकं होतं, तर पुन्हा चाळलं तर किती होईल, या हिशेबाने त्यांनी सगळे फोटो त्यातून पुनःपुन्हा काढले, आणि जागा अडते म्हणून मूळ फोटो पुसून टाकले. आता वांगं म्हणजे जांभळे चौकोन, म्हैस म्हणजे काळे चौकोन. मी कपाळाला हात लावून बसलो. भाऊजी म्हणाले, "मीच नासोलं. आता काय दाखवू तिले?" आणि धोतराच्या सोग्याने तोच फोन पुसत राहिले, जणू पुसून वांगं वर येणार होतं.

ताईने तो फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला. जांभळ्या चौकोनांकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि फोन डाव्या हाताने बाजूला सारत स्पष्ट म्हणाली, "हलकं."

मी नंतर सगळी कार्डं नव्याने केली, आकाराने लहान आणि नजरेला स्वच्छ. त्यांच्याकडे ती गप्प बघते. अजून तिला तो एकच शब्द येतो, आणि डॉक्टरही पुढचं काही सांगत नाहीत. खऱ्या वांग्याला ती हलकं म्हणते, मेथीच्या जुडीला हलकी. भाऊजींनी स्वतःचा फोटो पुढे धरला तर त्यांना नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "हलका." भाऊजी डोळे पुसत हसले. म्हणाले, "बराबर वळखलं तिनं मले!"

आता ती तो शब्द म्हणाली की प्रत्येक वेळी ते व्हिडिओ काढतात, सेटिंग सगळ्यात वरच्या टोकाला नेऊन. फोन पुन्हा काठोकाठ भरला आहे. मला विचारतात, "साळेबुवा, काय करू?" आणि व्हिडिओ हलके करा, हे सांगायला माझं तोंड उघडत नाही.