कलमी उंदीर

रत्नागिरीच्या फार्मसी कॉलेजात मी उंदरांवर काम करते. आमच्याकडे पांढरे आणि काळे अशा दोन वाणांचे उंदीर आहेत. झोपेचं औषध सारखंच दिलं तरी पांढरे सगळे झोपतात आणि काळे पिंजऱ्यात हुंदडत राहतात. असं का, म्हणून आईने विचारलं. म्हटलं, पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावंडांतूनच पैदास झालेली असते, त्यामुळे एका वाणातले सगळे सारखे.

"म्हणजे हापूसची कलमं की!" आमची बाग बघणारी आई म्हणाली.

मला ते भलतंच पटलं. "आणि आपण माणसं रायवळ," मी उत्साहाने म्हणाले. "कोयीतून उगवलेली, प्रत्येकाची चव वेगळी."

आईला हे अजिबात रुचलं नाही. हापूसवाल्यांना रायवळ म्हणायचं म्हणजे काय!

त्याच आठवड्यात घरात सगळ्यांना सर्दी झाली. तिघांनी एकच गोळी घेतली. बाबा ताटावरच पेंगायला लागले. आई मात्र टवटवीत, बांगड्याचं कालवण वाढत होती.

"रायवळ म्हणायचं तर ह्यांच्या घराण्याला म्हण," ती म्हणाली. "माझ्या माहेरी गोळीने कोणी असं आडवं होत नाही. तू माझ्यावर गेलीयस."

मी जांभई दाबून मान डोलावली.