न प्यालेली दारू

रंगारी जन्मात कधी दारूच्या वाटेला गेला नव्हता, तरी रोज सकाळी त्याचं तोंड हुंगायचा मान मेहुण्याने स्वतःकडे घेतला होता. हा बायकोचा धाकटा भाऊ, रंगकामाचा कंत्राटदार. ब्रश धरायला शिकला तो याच दाजींकडून, आणि आता त्यांनाच कामावर ठेवून उपकार केल्याचा आव आणत होता. रंगाऱ्याला तो नजरेसमोर नको असे.

एकदा रंगाऱ्याच्या मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला, इस्पितळात अँटिबायोटिकची इंजेक्शनं घ्यावी लागली. ताप उतरला, पण रंगारी घरी आला तो भिंत धरूनच. पायाखालची जमीन गादीसारखी लागे. मान वळवली की खोली जरा उशिराने वळे. उजेडात, नजर जमिनीवर रोवून, तो कशीबशी वेळ मारून नेई. पण कामावर परतल्यावर छत रंगवताना रंगाचा थेंब डोळ्यात गेला, डोळे मिटले आणि गडी डब्यासकट खाली.

"दाजी, डोळे मिटून सरळ उभे राहा बघू," मेहुणा सगळ्या कामगारांसमोर म्हणाला. रंगारी उभा राहिला आणि आडवा झाला. मेले फिदीफिदी हसले.

"बिनवासाची घेता वाटतं! उद्यापासून येऊ नका."

रंगारी तणतणत इस्पितळात गेला. डॉक्टरीणबाईंनीही डोळे मिटायला लावले आणि पडताना धरलं.

"इंजेक्शनांमुळे कानातला तोल सांभाळणारा भाग निकामी झालाय. क्वचित होतं असं. थोडं सुधारेल, पण पहिल्यासारखं नाही. शिडीवर अजिबात चढायचं नाही."

"हे आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"शुद्धीवर होतात का तुम्ही?"

बायकोने सगळं भावाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "औषधाने कुणी झिंगतं का, ताई? दारू असेल तर सोडवता येईल. आणि तू म्हणतेस ते खरं असेल, तर अधू माणूस घेऊन मी काय करू?"

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पितो म्हणा. सोडली म्हणा."

रंगाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं, आणि दुसरा कंत्राटदार त्याला दारात उभा करत नव्हता. सकाळी त्याच कामगारांसमोर मान खाली घालून तो म्हणाला, "पीत होतो. सोडली आता."

मेहुण्याचा चेहरा खुलला. "आधीच कबूल केलं असतंत तर! चला, जिन्यावरचं छत राहिलंय. शिडी लावून ठेवलीय."