ताई बसमध्ये बसली नाही

"मामा, आई गेली," एवढंच मुक्ता फोनवर म्हणाली. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी विश्रांतवाडीच्या चौकात दुधाची पिशवी घेऊन उभा होतो. आदल्या संध्याकाळीच ताईशी बोलणं झालं होतं. "आवाज बसलाय तुझा, गुळण्या कर," असं सांगून तिनं फोन ठेवला होता. निरोपासारखं त्यात काहीच नव्हतं... झोपेतच गेली. त्याला आता पाच आठवडे झाले.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत तिनं तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर समोर वर्ग उरला नाही, तेव्हा मला हाती घेतलं. माझी नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टर रोज चाला म्हणत होते, पण मी धास्तावून घरात बसलेलो. जिना चढलो तरी नाडी मोजायचो. एका रविवारी ती धायरीहून स्वारगेटला बस बदलून आली आणि दारातूनच म्हणाली, "अरविंद, बूट घाल."

"काही झालं तर?"

"घरात बसलेल्यांना काही होत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

त्या दिवशी आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मग दर रविवारी रेसकोर्स. ती पंजाबी ड्रेस आणि पांढऱ्या बुटांत पुढे, मी धापा टाकत मागे. चालण्याचं धावणं कधी झालं ते कळलंच नाही. दीड वर्षानं तिनं डॉक्टरांना विचारून आम्हा दोघांची नावं पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये, एकवीस किलोमीटरसाठी, नोंदवली. मला नंतर सांगितलं.

शर्यतीत पंधराव्या किलोमीटरला तिचा गुडघा अडला. ती दुभाजकावर टेकली आणि म्हणाली, "तू हो पुढे." मी थांबतो म्हटलं. "तू थांबून गुडघ्याला काय फरक पडणार आहे?" तरी माझा पाय निघेना. खरं सांगायचं तर तिच्या गुडघ्यापेक्षा मला माझीच काळजी होती. तिच्याशिवाय मी एक किलोमीटरही धावलो नव्हतो. तिला ते ठाऊक असणार. आवाज खाली आणून म्हणाली, "तुझं हृदय ठीक आहे रे. दीड वर्ष बघतेय मी. जा." मी निघालो. पहिला किलोमीटर छातीवर हात ठेवूनच धावलो. हात खाली कधी आला ते आठवत नाही, पण शेवटची रेषा ओलांडली तेव्हा दोन्ही हात वर होते, असं फोटोत दिसतं.

मग मी तिची वाट बघत बसलो. ठरलेली वेळ संपली, माणसं पांगली, कार्यकर्ते कमान उतरवू लागले. आणि वळणावर ताई दिसली, लंगडत, एका हातात केळं. मागे, राहिलेल्यांना गोळा करणारी बस बैलगाडीच्या वेगानं येत होती. ड्रायव्हर खिडकीतून विनवत होता, "काकू, बसा आता." ताई मागे न बघता म्हणाली, "बसनंच यायचं असतं तर धायरीहून थेट आले असते." कमानीपाशी पोचल्यावर तिथल्या माणसाला म्हणाली, "अहो, एक मिनिट धरा ती. मी जाते, मग आपण सावकाश उतरवा." त्यानं निमूटपणे कमान धरली. ताई खालून गेली, एका कार्यकर्त्यानं उरलेलं पदक तिच्या गळ्यात घातलं. तिनं केळ्याची साल माझ्या हातात दिली आणि विचारलं, "छातीत दुखलं?"

"नाही."

"मग रडतोस कशाला?"

गेल्या रविवारी धायरीला गेलो. मुक्ता म्हणाली, आईचं पदक तुम्ही न्या. मी कपाट पाहिलं, देवघर पाहिलं. मुक्ता हसली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथल्या खिडकीची कडी तुटलेली. वाऱ्यानं झडप आपटू नये म्हणून ताईनं पदकाच्या फितीनं ती गजाला बांधून टाकली होती. मी गाठ सोडली, तशी झडप धाडकन आपटली. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी फीत पुन्हा गजाला गुंडाळली, दोन गाठी मारल्या आणि चहा प्यायला बसलो.