आक्काताईचं पाऊल

"भूतबीत काय नसतंय, असतं तर आमची आक्काताई एकदा तरी येऊन गेली असती की."

गणपती कुरणे हे एकदा बोलून गेले. राजारामपुरीत मुलीच्या, रूपालीच्या घरी, खुर्चीचा सैल पाय ठोकता ठोकता. बोलून झाल्यावरही हातोडी थांबली नाही. घर बौद्धांचं. अंगारा, उतारा, लिंबू-मिरची यातलं काही त्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. तरी एका काळी सबंध महाराष्ट्राला ज्या भुतानं घाम फोडला, ते याच घरातलं होतं.

चौसष्ट सालचा 'उत्तरेची माडी' नावाचा चित्रपट. त्यात भूत दिसतच नाही. खाली माणसं जेवत असतात, दिवा स्थिर असतो आणि वर माडीवर कुणीतरी चालतं. एक पाऊल नीट पडतं. दुसरं थोडं उशिरा, फळीवर घासत येतं आणि टेकताना जोडव्याचा बारीक टिक असा आवाज होतो. एवढंच. बायका पदर तोंडात धरून बसायच्या.

कुरणे त्या स्टुडिओत सुतार होते. माडी त्यांनीच उभारलेली. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून त्यांच्या बायकोचा, आक्काताईचा डावा पाय आखूड होता. एका दुपारी ती भाकरी घेऊन वर चढली, तेव्हा खाली रेकॉर्डिस्ट पिराजीराव कानाला यंत्र लावून बसले होते.

"कोण हाय रं वर?"

"बायकू हाय साहेब. भाकरी घिऊन आल्या."

"भाकरी ठेव म्हणावं तिला, आन् परत चाल."

तिला वाटलं, आपली टिंगल चालली आहे. ती वरूनच ओरडली, "साहेब, थट्टा करायची तर तोंडावर करा की!"

"थट्टा न्हाय, बाई. असलं पाऊल साऱ्या कोल्हापुरात दुसरं न्हाय."

अर्धा दिवस ती त्या फळ्यांवर चालली. रागानं चालली, म्हणून पाऊल आणखी जड पडलं. चित्रपट तिनं कधी पाहिला नाही. गल्लीतली पोरं तिला माडीवाली म्हणायची आणि ती त्यांना दगड दाखवायची.

एक्याण्णवमध्ये स्टुडिओचं गोदाम रिकामं होऊ लागलं. भंगाराच्या ढिगात कुरण्यांना एक पत्र्याचा डबा दिसला. वर पिराजीरावांच्या अक्षरात लिहिलं होतं : माडी, पावलं. सायकलला बांधून त्यांनी तो घरी आणला.

आक्काताई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "मी हितं जित्ती चालायलोय, आन् तुम्ही डब्यातली घिऊन आलासा व्हय?"

पाच वर्षांनी ती काविळीनं गेली. भन्ते आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. मग घर शांत झालं. ही शांतता कुरण्यांना ठाऊक नव्हती. बत्तीस वर्षं ते पहाटे डोळे मिटूनच ओळखायचे, ती चुलीपाशी आहे की मोरीपाशी. आता डोळे मिटले की काहीच कळत नव्हतं. इतरांना निदान कावळ्याची वाट पाहता येते, स्वप्नाचा अर्थ लावता येतो. कुरण्यांनी हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी बापाबरोबर सोडून दिलं होतं, आणि बायकोच्या पायी ते परत उचलणाऱ्यातले ते नव्हते. त्यांच्याकडे फक्त डबा होता. त्यातलं ऐकायला यंत्र नव्हतं. चित्रपटाच्या प्रती कुठं गेल्या ते कुणाला माहीत नव्हतं.

दोन हजार चारमध्ये 'उत्तरेची माडी' नव्यानं करायचं ठरलं. विश्वजित नावाचा आवाजाचं काम बघणारा मुलगा पत्ता काढत राजारामपुरीत आला.

"काका, जुनं पाऊल मिळालं तर आम्ही तेच वापरणार."

"तेच म्हंजी, तेच?"

"तेच. शब्द देतो."

डबा उघडला तर व्हिनेगरसारखा उग्र वास खोलीभर पसरला. आतली फीत लाटांसारखी वाकली होती. विश्वजित म्हणाला, "एकदाच चालेल ही. नंतर तुकडे होतील. पण तेवढ्यात कॉम्प्युटरवर घेतो."

रूपाली म्हणाली, "बाबा, असू दे की घरात."

"डब्यात बसून काय करती ती?" कुरणे म्हणाले. "बाहीर येऊ दे."

आठवड्यानं फोन आला. फीत तुटली होती, पण आवाज मिळाला होता. "खराबी खूप होती, काका. सगळं स्वच्छ करून घेतलं."

कुरण्यांनी त्या दिवशी दाढी केली.

पुढच्या वर्षी पहिला खेळ कोल्हापुरात लागला, दुपारी बाराचा. मध्यंतरात जुन्या माणसाचा सत्कार ठेवला होता. कुरणे इस्त्रीचा सदरा घालून रूपालीशेजारी पुढच्या रांगेत बसले.

पाचव्या मिनिटालाच भूत दिसलं. पांढरे डोळे, सुटलेले केस, छताला चिकटलेली बाई. कान फुटेल असं संगीत.

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर आमच्या चुलतीगत दिसत्या!"

"तुझी चुलती बरी म्हणायची!" दुसरा म्हणाला. सगळं थिएटर हसलं. कुरण्यांनी डोळे मिटून घेतले होते. भुताशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मग जेवणाचा प्रसंग आला. संगीत थांबलं. वर फळी वाजली.

टक. टक. टक. टक.

कुरण्यांनी रूपालीचं मनगट धरलं. ते उजवं पाऊल होतं. तिचंच, टाच आधी टेकणारं; हजारातून ओळखलं असतं. पण त्याच्यामागून पुन्हा उजवंच येत होतं. घासणं नव्हतं. टिक नव्हतं. सरळ, सारख्या अंतरानं, कवायतीसारखं कुणीतरी माडीवरून निघून गेलं. ती आयुष्यात अशी एकदाही चालली नव्हती.

दिवे लागले. विश्वजित धावतच आला. चेहरा उजळलेला. "ऐकलंत ना, काका? एक पाऊल घासत होतं, मध्येच टिकटिक. फीत खराब झाल्यामुळं. चांगलं पाऊल निवडलं आणि तेच पुन्हा पुन्हा जोडलं. किती स्वच्छ आलंय!"

"ते घासणारं," कुरणे हळू म्हणाले, "काढलेलं... ठेवलंय न्हवं कुठं?"

"खराब आवाज ठेवून काय करायचा, काका? पुसून टाकला."

मुलगा मनापासून बोलत होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पाऊल कुणाचं, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि कुरण्यांनाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. ज्यानं ऐकलं त्याला ते कळणारच, असं ते धरून चालले होते.

नाव पुकारलं गेलं. रूपालीनं हात देऊन त्यांना पडद्यापुढं नेलं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. कुणीतरी माईक तोंडासमोर धरला. "काका, दोन शब्द बोला. तुमच्या भुताबद्दल."

थिएटर गप्प झालं. मागची पोरंसुद्धा. कुरण्यांनी माईक हातात घेतला. त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू आला, एकदा, दोनदा. विश्वजित खालून हसून मान हलवत होता, बोला, बोला.

त्यांनी माईक परत दिला. नारळ टेबलावर ठेवला, शाल काढून नीट घडी घातली आणि नारळाशेजारी ठेवली. मग खुर्च्यांमधल्या वाटेनं, कुणाकडे न पाहता, ते दारापर्यंत चालत गेले आणि जाड पडदा बाजूला सारून बाहेर उन्हात निघून गेले.